चौघांत कोल्हापूर: एका दिवसात आणि बेताच्या खर्चात अख्खं शहर कसं चाखायचं

पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत हल्ली 'टेस्टिंग मेन्यू' मिळतो. एका शहराची किंवा प्रांताची ओळख सात-आठ छोट्या बशांतून, ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या पैशांत करून देतात. कोल्हापुरात असं काही मागितलंत तर वाढपी 'बरं' म्हणेल आणि पांढऱ्या रश्शाची वाटी काठोकाठ भरून जाईल. इथलं ताट पोट भरण्यासाठीच असतं. रस्सा हवा तेवढा, वाढणारा हात सैल, आणि पाहुणा 'बास' म्हणाला तरी ते पहिल्यांदा कुणी खरं धरत नाही. म्हणून हा मेन्यू आपणच जुळवायचा. त्यासाठी चार माणसं, एक दिवस आणि थोडा संयम लागतो. जास्त कस संयमाचाच लागतो.

चारच माणसं का? दोघांत पदार्थ कमी होतात, सहा जणांना खानावळीत एक टेबल मिळत नाही आणि रिक्षाही दोन कराव्या लागतात. पाहुणे चाराहून जास्त असतील तर वेगळा मार्ग आहे, तो पुढे सांगितलाय. खरं तर तोच उत्तम.

आधी वार बघा, मग पैसे

बुधवार किंवा शुक्रवार धरा. सोमवार, गुरुवार, शनिवार हे बऱ्याच घरांतले पाळायचे वार. त्या दिवशी खानावळी उघड्या असल्या तरी गिऱ्हाईक कमी, म्हणून मटणही बेतानंच केलेलं असतं. रविवारी उलटं: सगळं ताजं असतं, पण दुपारी एकला नंबर लावून उभं राहावं लागतं आणि मागच्या माणसाच्या नजरेखाली जेवावं लागतं. श्रावणात मटणाचा बेत करू नका. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी गावात पाय ठेवायला जागा नसते आणि अर्धं शहर नऊ दिवस मांसाहार सोडून असतं. संकष्टी-एकादशीसाठी कॅलेंडर एकदा बघून घ्या, नाहीतर चौघांतला एक ऐनवेळी साबुदाण्याची खिचडी शोधत बसतो.

खर्चाचा अंदाज मटण थाळीवरून काढावा. भाव दरवर्षी वाढतात, पण पदार्थांचं आपसातलं प्रमाण फारसं हलत नाही: एका मटण थाळीच्या पैशांत साधारण चार मिसळी येतात. म्हणून सोपा हिशेब असा, की माणशी दोन थाळ्यांचे पैसे काढा, दिवस निघतो. समजा तुम्ही निवडलेल्या खानावळीत थाळी 400 रुपयांना आहे. मग माणशी 800, चौघांचे 3,200. त्यात थाळ्यांचे 1,600, मिसळीचे 400, भेळेचे 150, दुधाचे 160, मधल्या वेळच्या ताक-रसाचे 150, रात्रीच्या दोन कॉकटेलचे (आइस्क्रीमच्या, दारूच्या नव्हे) 200 आणि रिक्षाचे 250 धरले तर 2,910 होतात. उरलेल्या 290 रुपयांत कांदा-लसूण चटणी घरी न्यायची. हे आकडे हिशेब समजावा म्हणून. थाळीचा खरा भाव आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि तो धरून गुणाकार करा. पैसे एकाच्या हातात जमा करून ठेवा. प्रत्येक ठिकाणी 'मी देतो, मी देतो' झालं की बजेट हमखास फुटतं, कारण देणारा माणूस एक पदार्थ वाढवून मागतो.

गाडी असेल तर सकाळीच बिंदू चौकातल्या पार्किंगला लावून टाका. मंदिर, भवानी मंडप, महाद्वार रोड, खासबाग, गंगावेश हा सगळा भाग चालत होतो. चालणं इथं हौस म्हणून नाही. पुढच्या पदार्थासाठी पोटात जागा त्यानंच होते.

मिसळ: ब्रेडला आवर घाला

सकाळी साडेआठच्या आत पोचा. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, शिवाय चोरगे, खासबाग ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. यांतली चांगली कुठली यावर कोल्हापुरात घराघरांत दोन पक्ष आहेत, त्यात पाहुण्यानं पडू नये. तुमच्या मुक्कामाला जवळची असेल ती घ्या. सुट्टीच्या दिवशी दहानंतर गर्दी होते, आणि नावाजलेल्या ठिकाणी दुपारी कट संपला की दुकान बंद.

कोल्हापुरी मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. ताटलीत खाली मटकीची उसळ, कुठं तिच्यात बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, आणि त्यावर कट. कट म्हणजे कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण आणि चटणी यांचा पातळ रस्सा. त्याच्यावर तरंगतं ते लाल तेल म्हणजे तर्री. मिरचीचा रंग आणि तिचा तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. म्हणून तिखट कमी हवं असेल तर 'कट कमी द्या' म्हणून उपयोग नाही, मिसळ कोरडी मिळेल. 'तर्री कमी, खालचा कट द्या' असं सांगा. पळी भांड्याच्या तळापर्यंत घालून वाढलं की चव तीच राहते आणि जाळ निम्मा होतो. दही मागितलंत तर वेगळ्या वाटीत मागा; वरून ओतलं की कटाची चव गेलीच.

बहुतेक ठिकाणी 'एका मिसळीत दोघांना बसता येणार नाही' या अर्थाची पाटी असते. तिच्याशी वाद घालू नका. कट पुन्हा पुन्हा मिळतो, मग दुकानदारानं ते का चालवून घ्यावं? माणशी एक मिसळ घ्या, पण ब्रेड दोन स्लाइसवर थांबवा. मिसळीनं पोट भरत नाही, ब्रेडनं भरतं. कट संपला म्हणून ब्रेड उरतो, ब्रेड उरला म्हणून कट मागतो, आणि हे चक्र तीनदा फिरलं की दुपारच्या थाळीवर पाणी सोडावं लागतं. पहिला वाढलेला कट अर्धाच ओता. सगळा एकदम ओतला तर शेव दोन मिनिटांत गळते आणि शेवटचे घास लगद्याचे होतात. कडेकडेनं कालवत खा, मधला ढीग कोरडा राहू द्या.

दोन मिसळींची तुलना करायची असेल तर दुसरीकडून एक पार्सल घ्या. कट वेगळा मिळतो. सोबत झाकणाचा स्टीलचा डबा असेल तर कट त्यातच मागा. उकळता कट प्लॅस्टिकच्या पिशवीत नेणं अंगासाठीही वाईट आणि शर्टासाठीही. एका पार्सलमध्ये चौघांना चार-चार चमचे येतात, आणि चाखायला तेवढे पुष्कळ होतात.

पांढरा शर्ट त्या दिवशी घालू नका. तर्रीचा डाग पडलाच तर लगेच पाणी लावू नका, तेल पसरतं. आधी टाल्कम पावडर नाहीतर कोरडं पीठ दाबून ठेवा, मग साबण.

दहा ते साडेबारा: काही खायचं नाही

हा वेळ मोकळा ठेवणं सगळ्यात अवघड, कारण महाद्वार रोडवर दर दहा पावलांवर काहीतरी तळलं जात असतं. कट वडा, भजी, सगळं चांगलं असतं. नको. अंबाबाईचं दर्शन घ्या, भवानी मंडपात टेकून घ्या. प्यायला ताक किंवा उसाचा रस घ्या, तोही चौघांत दोन ग्लास. पाणी प्यायल्यानं तोंडातला जाळ जात नाही, उलट तेल जिभेभर पसरतं. ताकातलं, दह्यातलं दुधाचं प्रथिन तिखटाला धरतं आणि उतरवतं, म्हणून ताक.

थाळी: ज्या क्रमानं शिजते त्या क्रमानं खा

इथं घाई नको. कोल्हापुरी मटणाच्या ताटाचं सगळं गुपित एकाच पातेल्यात आहे. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून पाण्यात शिजवतात. ते पाणी म्हणजे अळणी. याच अळणीचे पुढे दोन रस्ते होतात. एका वाट्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस यांचं वाटण आणि खडा मसाला पडतो, तो पांढरा रस्सा. दुसऱ्या वाट्यात भाजलेलं सुकं खोबरं, कांदा आणि कांदा-लसूण चटणी पडते, तो तांबडा. शिजलेलं मटण मसाल्यात परतलं की सुक्कं. चार चवी, पण मूळ एकच. म्हणून अळणी, पांढरा, तांबडा, सुक्कं याच क्रमानं चाखलं तर काय कुठून आलं हे जिभेला कळतं. उलट्या क्रमानं, म्हणजे बहुतेक पाहुणे खातात तसं, आधी तांबड्यात भाकरी बुडवली की जीभ बधिर होते. मग पांढरा नुसता गरम दुधासारखा लागतो आणि लोक म्हणतात, पांढऱ्यात काही विशेष नाही.

खानावळीत सव्वाबाराला बसा. पहिल्या पंगतीला रस्सा ताजा आणि कढत असतो, सुक्क्यात चांगले तुकडे शिल्लक असतात. अडीच वाजले की सुक्कं संपत आलेलं असतं आणि तांबडा आटून खारट झालेला असतो. त्यानंतर बऱ्याच खानावळी संध्याकाळच्या जेवणापर्यंत बंद असतात.

लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस, जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावरचं ओपल, देहाती ही नेहमीची नावं. गल्लीबोळांतल्या घरगुती खानावळी स्वस्त पडतात आणि कित्येकदा पांढरा तिथला सरस असतो, पण तिथं बसायची सोय बेताची. पाट्यांवर 'स्पेशल' हा शब्द दिसला की त्यात काय जास्त आहे ते विचारून घ्या. कुठं खिमा असतो, कुठं अंडं, कुठं नुसते मटणाचे दोन तुकडे जादा.

ताट शेअर करता येत नाही, मिसळीच्याच कारणानं. पण चौघांनी चार ताटं एकाच जातीची घ्यायला हवीत असं कुणी सांगितलंय? इथंच खरी बचत आहे. एक मटण स्पेशल, एक साधी मटण थाळी, एक खिमा असलेली किंवा चिकनची, आणि एक अंडा थाळी घ्या. तांबडा-पांढरा बहुतेक ठिकाणी चारी ताटांत येतो, पैसे मात्र चार मटण थाळ्यांपेक्षा चांगलेच कमी होतात. बसल्याबसल्या चार रिकाम्या वाट्या मागा. हात लागायच्या आधीच सुक्कं, खिमा त्यांत वाटून घ्या. जेवण सुरू झाल्यावर उष्ट्याचा प्रश्न येतो आणि कुणी मनापासून चाखत नाही.

मग असं करा. अळणी सगळीकडे ताटात येत नाही. 'मामा, थोडी अळणी मिळेल का?' म्हणून विचारा. पहिल्या पंगतीला बहुधा मिळते. दोन घोट प्या. मीठ, हळद आणि मटण, एवढंच. त्यानंतर पांढरा, वाटीनंच, भाकरीशिवाय, कढत असतानाच. चांगल्या पांढऱ्यात आधी अळणीची चव येते, मग नारळाचा गोडवा, आणि शेवटी घशाशी मिरीची बारीक ऊब. मिरचीचं तिखट त्यात पुढं येत नाही. चमचा बुडवून उलटा केल्यावर पिठल्यासारखा थर राहत असेल तर घट्टपणा पिठाचा आहे, वाटणाचा नाही. वरच्या अंगाला कणकण दिसत असतील तर नारळाचं दूध घातल्यावर रस्सा जोरात उकळला आणि फुटला. गार झालेल्या पांढऱ्यावर चरबीची साय धरते आणि ती टाळूला चिकटते. तो दोष नाही, तुम्ही उशीर केला एवढंच.

आता तांबडा, ज्वारीच्या भाकरीबरोबर. रंगावर जाऊ नका. लाल रंग ब्याडगी मिरचीचा असतो, जाळ संकेश्वरीचा. नुसता लालभडक आणि जिभेला पोकळ लागणारा तांबडा म्हणजे रंगाची मिरची जास्त, वाटण कमी. कडवटपणा आला तर खोबरं किंवा चटणी करपलेली आहे, त्यावर लिंबू पिळून काही होत नाही. तर्री बोटानं बाजूला सारून खालचा रस्सा बघा; त्यात खोबऱ्याचा दाटपणा हवा.

सुक्कं शेवटी, भाकरीच्या पदरात धरून. 'नळी असेल तर बघा' असं वाढप्याला आधीच सांगून ठेवलंत तर एखादी येते. ती आपटून फोडायची नाही. टोकाकडून ओढून घ्यायची, नाहीतर शेजारच्याच्या ताटात उडते. मध्ये मध्ये कांदा-दही. भात सगळ्यात शेवटी, दोन घास, एक तांबड्याचा आणि एक पांढऱ्याचा.

वाटीच्या मापाचं गणित डोक्यात ठेवा. एक वाटी दीडशे मिलिलिटरची धरली तर तीन वाट्या तांबडा आणि तीन वाट्या पांढरा मिळून 900 मिलिलिटर झाले, जवळजवळ लिटरभर. भाकरी-भात वेगळेच. म्हणून नियम असा: प्रत्येकाची एक वाटी, दुसऱ्यांदा फक्त जो जास्त आवडला तो, तोही अर्धी. वाढपी न विचारता वाढतात आणि तोंडानं 'नको' म्हटलेलं ऐकू जात नाही. वाटीवर तळहात आडवा धरा. ही खूण सगळ्यांना कळते आणि तिचा राग कुणाला येत नाही. 'जरा बेतानं वाढा, पुढं अजून खायचंय' असं हसून सांगितलंत तर उलट कुठं काय खावं याचा सल्लाही मिळतो.

शाकाहारी असाल तर

मिसळ, भेळ, दूध, कॉकटेल हे सगळं आहेच, अडचण फक्त दुपारची. तेव्हा अख्खा मसूर आणि भाकरी घ्या, जोडीला झुणका आणि खर्डा. काही खानावळी शाकाहारी तांबडा-पांढरा करतात. अळणीऐवजी भाज्यांचं पाणी असतं, पांढरा त्यात बऱ्यापैकी जमतो, तांबड्याचं सांगता येत नाही. 'व्हेज कोल्हापुरी' मात्र मागवू नका. ती कुठल्याही हायवेवर मिळते.

आठ जण असाल तर मटण 'करून' घ्या

कोल्हापुरात 'ऑर्डरप्रमाणे मटण करून मिळेल' अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात. मटण आपण आणून द्यायचं किंवा त्यांनाच आणायला सांगायचं. करणावळ, म्हणजे करून देण्याची मजुरी, किलोवर ठरते, भाकरी-भाताचे पैसे वेगळे. ज्या शहरात मटणाच्या दरावरून लोक रस्त्यावर उतरले, तिथं किलोचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो, त्यामुळे फसवणुकीची भीती कमी. तरी दर, करणावळ आणि भाकऱ्यांचा आकडा आदल्या दिवशी फोनवर पक्का करा.

पोटभर जेवणाला किलोत चार-पाच माणसं धरतात. चाखण्यासाठी आठ जणांना दीड किलो पुरतं. मटण घेताना एकाच भागाचं घेऊ नका: थोडी मांडी, थोडं सीना-चाप (छाती-बरगडीचा भाग), दोन नळ्या. नुसत्या मांडीच्या मऊ तुकड्यांची अळणी पातळ लागते, अंगरस हाडांतून येतो. करणाऱ्या मावशींना तीन गोष्टी सांगा. पहिली, अळणी चार-पाच वाट्या बाजूला काढून ठेवा, मसाला पडायच्या आधी. दुसरी, दोन्ही रस्से मिळून अडीच लिटरच्या वर नकोत. आठ माणसांना एकेक वाटी दोन्हींची म्हणजे 2.4 लिटर झालेच. पाणी वाढवून रस्सा वाढवता येतो, पण मग तो नुसता वाढतो. तिसरी, पांढरा आम्ही बसल्यावरच चुलीवरून उतरवा.

भाकऱ्या माणशी एक, शिवाय दोन वर. लोक माणशी तीन सांगतात आणि निम्म्या बांधून नेतात. या पद्धतीत वेळ मात्र पाळावी लागते. एक वाजता सांगून अडीचला पोचलात तर पांढरा पुन्हा तापवला जातो, आणि पुन्हा उकळलेला पांढरा फुटतो.

संध्याकाळ: खासबाग, रंकाळा, गंगावेश

दुपारी झोपा. साडेपाचला खासबागेत या. शाहू महाराजांनी बांधलेलं आणि 1912 पासून चालू असलेलं कुस्तीचं मैदान बघून घ्या, मग शेजारची खाऊगल्ली. राजाभाऊची भेळ इथलीच. चौघांत दोन भेळ पुरतात. तिसरी हवीच असेल तर ती सुकी घ्या, चालता चालता खाता येते. ओली भेळ उभ्या उभ्या, मिळाल्यापासून पाच मिनिटांत संपवायची. चिंचेचं पाणी चुरमुऱ्यात शिरलं की ती चिवट होते. इथं भेळ शेअर करायला कुणाची हरकत नसते, जादा चमचे मागा.

तिथून रिक्षानं रंकाळा. चौपाटीवर पाणीपुरी, रगडा, कणीस सगळं ओळीनं आहे. तळ्याला जमेल तेवढा फेरा मारा आणि खाणं पुढच्या मुक्कामासाठी राखून ठेवा. गंगावेश इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाईक आलं की ग्लासात धार काढतात. हे दूध कोमट असतं, वर बोटभर फेस. लोक फेसासकट पितात आणि ओठावरची मिशी पुसत पैसे देतात. सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेळा असतात, दुपारी जाऊन उपयोग नाही. चाखायचा ग्लास दोघांत एक. दिवसभर तिखट-तेल झाल्यावर म्हशीचं दाट दूध ग्लासभर रिचवलं तर ज्याला सवय नाही त्याचं पोट रात्री बिघडतं, आणि मग नाव मिसळीचं होतं.

एक गोष्ट स्पष्ट: हे दूध तापवलेलं नसतं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय यांसारखे आजार होऊ शकतात. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि कुठल्याही दुखण्यातून उठलेले यांनी ते पिऊ नये. पैलवान पितात म्हणून आपणही प्यावं हा युक्तिवाद चालत नाही. ज्यांना नको त्यांनी बाजारातलं आटवलेलं मसाला दूध घ्यावं. चव वेगळी, पण रात्र शांत जाते.

शेवटी कॉकटेल. बाहेरच्या माणसाला नाव ऐकून वेगळंच वाटतं, पण हे आइस्क्रीम, दूध, फळांचे तुकडे, जेली आणि सुकामेवा यांचं उंच ग्लासातलं प्रकरण. सोळंकी, इंपिरियल अशी जुनी कोल्ड्रिंक हाऊस त्यासाठी प्रसिद्ध आहेत. चौघांत दोन पुष्कळ. दूध पूर्ण ग्लास प्यायला असाल तर हे सोडा, दोन्ही एका रात्रीत नकोत.

घरी नेताना

कांदा-लसूण चटणी पाव किलोच घ्या. चांगली असेल तर पुन्हा मागवता येते. पाकिटापेक्षा सुटी बघा. चिमूटभर हातावर घेऊन वास घ्या: आधी लसूण, मग खोबरं, मग मिरची. नुसता ठसका येत असेल तर दुसरं दुकान. खोबरं जास्त असलेली चटणी महिनाभरात खवट होते, म्हणून ती काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा.

गूळ ऊस गाळपाच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत, ताजा मिळतो. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून भुलू नका. रंग उजळण्यासाठी रसायन वापरतात. तपकिरी, थोडा मऊसर, जिभेवर ठेवल्यावर खारट न लागणारा घ्या. काकवी मिळाली तर एक बाटली घ्याच.

रश्शाचं पार्सल न्यायचं असेल तर तांबडा बिनधास्त न्या, दुसऱ्या दिवशी तो जास्त मुरतो. पांढरा चार तासांच्या प्रवासाला चालतो, तोही गार करून, झाकण घट्ट लावून. घरी गेल्यावर तो मंद आचेवर सतत ढवळत तापवा, वाफ यायला लागली की उतरवा. उकळी फुटू द्यायची नाही. घट्ट झाला असेल तर आधी अर्धी वाटी गरम पाणी घाला, आणि मीठ चाखल्याशिवाय वाढवू नका.